रक्ताला ३,८०४ प्रश्न

अँटिबॉडी तपासण्याच्या पट्टीवर उमटणारी ती लालसर रेघ सोन्याची असते. खरोखरच्या सोन्याची. सोन्याचे कण पुरेसे बारीक केले, मिलिमीटरचे पंचवीस हजार भाग करून त्यातल्या एकाएवढे, की पिवळा रंग जातो आणि ते गडद लाल दिसू लागतात. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर पडला, की द्रावणाबरोबर तो कागदासारख्या पातळ पडद्यातून पुढे सरकतो. त्यात नेमकी अँटिबॉडी असेल तर ती सोन्याच्या कणांना घेऊन एका रेषेवर अडकून बसते. कण साचत जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ डोळ्यांना दिसते.

एप्रिल २०२०मध्ये अशा पट्ट्या मानेसरमध्ये तयार होऊ लागल्या. दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागलं, की गुरुग्राम ओलांडल्यावर अरवलीच्या कडेला ही औद्योगिक वसाहत लागते. मारुतीचा कारखाना आणि एनएसजीच्या कमांडोंचा तळ, एवढीच तिची बाहेरच्यांना ओळख. त्या वर्षी फेब्रुवारीत वुहानहून विमानाने आणलेल्या भारतीयांपैकी बऱ्याच जणांना लष्कराने इथल्या छावणीत वेगळं ठेवलं होतं. दोन महिन्यांनी इथल्याच कारखान्यातून एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीने (पूर्वाश्रमीची हिंदुस्तान लेटेक्स, म्हणजे निरोधवाली) ‘मेकशुअर’ नावाचं रॅपिड अँटिबॉडी किट बाहेर काढलं. ते तपासून चालेल असं सांगितलं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, आपल्या एनआयव्हीने. दक्षिण कोरियाच्या एसडी बायोसेन्सरनेही किट बनवण्यासाठी मानेसरच निवडलं.

तो महिना अँटिबॉडी चाचणीसाठी मोठा नामुष्कीचा होता. परदेशातून लाखोंनी मागवलेली किट राज्याराज्यांत वेगवेगळे निकाल देऊ लागली, राजस्थानने तक्रार केली, आयसीएमआरने आधी दोन दिवस थांबायला सांगितलं आणि २७ एप्रिलला दोन कंपन्यांची किट परत पाठवायचा आदेश काढला. सगळी चर्चा अचूकतेवर अडकली. ती व्हायलाच हवी होती, पण तिच्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. पट्टी अगदी बिनचूक असली तरी ती रक्ताला एकच प्रश्न विचारते: आहे की नाही?

रक्ताकडे मात्र सांगण्यासारखं अफाट असतं. आपल्या रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये आयजीजी जातीच्या अँटिबॉडी साधारण दहा मिलिग्रॅम असतात. हिशेब केला तर बोटाच्या टोकावरच्या एका थेंबात एकावर पंधरा शून्ये एवढे रेणू भरतात. त्यांत लहानपणीच्या गोवराची आठवण आहे, धनुर्वाताच्या इंजेक्शनची आहे, कधीतरी येऊन गेलेल्या आणि आपल्याला कळलंही नाही अशा तापांची आहे. प्रत्येक अँटिबॉडीची दोन टोकं ठरावीक आकाराच्या जागी बसतात, दुसरीकडे नाही. एकाच विषाणूविरुद्ध दोन माणसांच्या अँटिबॉडी विषाणूच्या दोन वेगळ्या जागा धरून बसलेल्या असू शकतात. पट्टीवर दोघांचीही रेघ तितकीच लाल.

कुठली अँटिबॉडी आणि ती नेमकी कुठे बसते, हे विचारायचं तर प्रश्नांची संख्या हजारांवर जाते. एवढे प्रश्न एका नळीत मावतात, आणि ते विचारतं यीस्ट. पाव फुगवणारं, बेकरीवाल्याकडे पुडीत मिळणारं, तेच.

अख्ख्या पेशीला अँटिबॉडी शोधायला लावणं तसं नवं नाही. तालुक्याच्या गावातली कुठलीही लॅब विडाल करते. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं, की विषमज्वराच्या रोग्याचा रक्तद्रव टायफॉइडच्या जंतूंत मिसळला तर जंतूंच्या गुठळ्या होतात. अँटिबॉडीला दोन हात असल्यामुळे ती दोन जंतूंना एकत्र बांधते. सव्वाशे वर्षांनंतरही ही चाचणी आपल्याकडे चालू आहे, खरं तर गरजेपेक्षा जास्तच चालू आहे. ताप आला की विडाल लिहून देणारे डॉक्टर आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घाबरणारे रोगी दोन्ही मुबलक आहेत. पण विडालच्या जंतूच्या अंगावर जे असेल तेच असतं. त्याला आपण दुसरं काही अंगावर घ्यायला सांगू शकत नाही. यीस्टला सांगता येतं.

१९९७मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एरिक बोडर आणि डेन विट्रप यांनी त्याची रीत दाखवली, आणि त्यासाठी यीस्टच्या प्रणयजीवनातली एक वस्तू उचलली. यीस्टमध्ये नर-मादी नसतात. ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार असतात. ते जवळ आले की एकमेकांना चिकटतात आणि दोन पेशींची एक पेशी होते. ‘ए’ प्रकारच्या पेशीच्या बाहेर या चिकटण्यासाठी दोन तुकड्यांचं एक प्रथिन असतं. पहिला तुकडा, आगा-१, पेशीच्या भिंतीत पक्का रुतलेला. दुसरा, आगा-२, त्याला दोन गंधक-बंधांनी अडकवलेला. भिंतीतली खुंटी आणि खुंटीला लटकवलेली टोपी, अशी ही जोडी. बोडर आणि विट्रप यांनी टोपीच्या जनुकाला हव्या त्या प्रथिनाचं जनुक जोडलं. यीस्ट टोपी तयार करून नेहमीसारखी खुंटीला अडकवते, आणि टोपीबरोबर आपलं प्रथिनही भिंतीबाहेर येऊन लटकतं. एका पेशीवर अशा दहा हजारांपासून लाखापर्यंत प्रती मावतात. पेशी केवढी? मिलिमीटरचा दोनशेवा भाग.

यात मला सर्वांत भावतो तो साखरेचा खेळ. हे जोडजनुक अशा कळीखाली ठेवलेलं असतं जी ग्लुकोज असेपर्यंत बंद राहते. ग्लुकोजमध्ये यीस्ट निवांत वाढतं, दीड-दोन तासांत दुप्पट होतं आणि अंगावर काहीच दाखवत नाही. मग त्याला ग्लुकोजमधून काढून गॅलॅक्टोजमध्ये टाकायचं. गॅलॅक्टोज म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. ते मिळताच कळ दाबली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेशी करोनाच्या काट्याचा, म्हणजे त्याच्या स्पाइक प्रथिनाचा, तुकडा अंगावर मिरवत असतात. विषाणू नाही, संसर्गाची भीती नाही. फक्त त्याचा एक तुकडा.

आता ही पेशी जीवाणूची का नाही, यीस्टचीच का? कारण यीस्ट आपल्या बाजूचा जीव आहे. त्याच्या पेशीत केंद्रक आहे आणि बाहेर पाठवायच्या प्रथिनांना घडी घालणारी, चुकीची घडी बाजूला काढणारी यंत्रणा आहे. अँटिबॉडी बऱ्याचदा प्रथिनाच्या साखळीचा सरळ तुकडा ओळखत नाही; घडी पडल्यावर शेजारी आलेल्या दोन-तीन वळणांचा मिळून झालेला आकार ओळखते. घडी चुकली तर अँटिबॉडी समोर असूनही बसत नाही आणि आपण ‘नाही’ असा खोटा निकाल देऊन मोकळे होतो.

प्रत्यक्ष टेबलावर हे असं चालतं. गॅलॅक्टोजवर वाढवलेलं यीस्ट धुऊन घ्यायचं. नळीच्या तळाशी मळकट पांढरा थर बसतो, वास पावासारखाच. त्यात पातळ केलेला रक्तद्रव घालायचा आणि थोडा वेळ हलवत ठेवायचं. रक्तातल्या ज्या अँटिबॉडींना जागा सापडते त्या बसतात, बाकीच्या धुऊन जातात. मग दोन चमकणारे रंग घालायचे. एक रंग टोपीला मुद्दाम जोडलेल्या खुणेला चिकटतो आणि सांगतो, या पेशीवर प्रथिन किती आहे. दुसरा माणसाच्या अँटिबॉडीला चिकटतो आणि सांगतो, त्यावर काय बसलं आहे. शेवटी सगळं फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात. पुण्याच्या एनसीसीएससारख्या संस्थांत हे यंत्र रोज चालतं. पेशी एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. प्रत्येकीचे दोन्ही रंग मोजले जातात. यंत्र छाटणीचं असेल तर ज्या पेशी हव्यात त्यांच्या थेंबाला विजेचा भार देऊन ते त्यांना वेगळ्या नळीत वळवतं. पडद्यावर ठिपक्यांचा ढग तिरका वर चढला की समजायचं, अँटिबॉडी आहे. पहिला रंग आहे आणि दुसरा नाही, तर प्रथिन होतं पण अँटिबॉडी बसली नाही. या दोन रंगांमुळे ‘नाही’ची खात्री पटते. पट्टीवर ती पटत नाही.

एक अडचण मात्र यीस्टची स्वतःची आहे, आणि ती मला फार गमतीची वाटते. माणसाच्या रक्तात यीस्टविरुद्धही अँटिबॉडी असतात. पाव, बिअर, त्वचेवरची आणि आतड्यातली नातलग यीस्टं, सगळ्यांशी आपली आयुष्यभराची ओळख आहे. त्यांच्या भिंतीतल्या मॅनन या साखरेच्या साखळ्या आपल्या शरीराला पाठ असतात. क्रोन्स या आतड्याच्या दुखण्यात तर या अँटिबॉडी इतक्या वाढतात की निदानाला मदत म्हणून त्या मोजतात. म्हणजे नुसतं यीस्ट रक्तद्रवात घातलं तरी ते उजळून निघेल. उपाय साधा आहे. अंगावर काहीही नसलेलं कोरं यीस्ट आधी त्याच रक्तद्रवात फिरवायचं, एकदा आणि पुन्हा एकदा. यीस्टवर राग असलेल्या अँटिबॉडी त्याला चिकटून निघून जातात आणि उरलेला रक्तद्रव खऱ्या परीक्षेला बसतो. प्रयोगाच्या वर्णनात ही एक ओळ असते. ती गाळली तर पुढचं सगळं मुसळ केरात.

आता त्या हजारो प्रश्नांकडे. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्रात जेसी ब्लूम यांच्या गटाने करोनाच्या काट्याचा तो भाग घेतला जो आपल्या पेशीला पकडतो. त्यात अमिनो आम्लांच्या २०१ जागा आहेत. प्रत्येक जागी मूळ आम्ल काढून उरलेल्या एकोणीसपैकी एक घालता येतं: २०१ गुणिले १९, म्हणजे ३,८१९ शक्य बदल. यांतले ३,८०४ त्यांनी यीस्टवर लटकवून पाहिले. एका पेशीवर एक रूप. कुठल्या पेशीवर कुठलं रूप आहे हे ओळखायला प्रत्येक रूपाच्या डीएनएला सोळा अक्षरांचा बारकोड जोडलेला. चार अक्षरांत सोळा जागा म्हटल्यावर ४२९ कोटी वेगवेगळे बारकोड होतात, कमी पडायचा प्रश्नच नाही. आधी त्यांनी पाहिलं की कुठल्या बदलानंतर काटा मानवी पेशीच्या ग्राहकाला अजूनही पकडतो. हे सप्टेंबर २०२०मध्ये छापून आलं. मग करोनातून बरे झालेल्यांचा रक्तद्रव घातला आणि ज्या पेशींवर अँटिबॉडी कमी बसल्या त्या छाटून त्यांचे बारकोड वाचले. हाती आली ती एक यादी: या या जागी बदल झाला, तर या माणसाच्या अँटिबॉडींना विषाणू ओळखू येणार नाही.

यादीत सर्वांत वर होता ४८४ हा क्रमांक. २०२१च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या या कामात दिसलं, की काही जणांच्या रक्ताची विषाणू रोखायची ताकद या एका जागच्या बदलाने दहापटीहून अधिक घटते. सगळ्यांची नाही, काही जणांचीच. माणसामाणसांत इतका फरक असेल, हे पट्टीच्या रेघेवरून कुणालाही कळलं नसतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या एका औषधी अँटिबॉडीवर अशीच परीक्षा घेतली तेव्हा ४८४च्या जोडीला ४५२ही पुढे आला.

इकडे महाराष्ट्रात त्याआधी काय झालं होतं ते आठवा. मे २०२०मध्ये एनआयव्हीने ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी आणली. अडीच तासांत एका वेळी नव्वद नमुने. मग अँटिबॉडींच्या पाहण्यांचं पेव फुटलं. जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि बाहेरच्या १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत, येरवडा, कसबा-सोमवार, रास्ता-रविवार, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वतीत, १,६६४ लोकांचं रक्त तपासलं आणि आकडा आला ५१.५ टक्के. निम्मं गाव सुटलं, असं पेठांतून बोललं जाऊ लागलं. निम्म्या गावात अँटिबॉडी आहेत, एवढंच त्या आकड्याने सांगितलं होतं. त्या विषाणूच्या कुठल्या जागा धरून बसल्या आहेत, हे त्या पाहणीने विचारलेलंच नव्हतं.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक पत्रक काढलं. डिसेंबरच्या तुलनेत महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेल्या विषाणूचं प्रमाण वाढलं आहे, आणि ते पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत दिसतं, असं त्यात होतं. बदलांची नावं ई४८४क्यू आणि एल४५२आर. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं आणि विदर्भाचं नाव जगभर गेलं. हजारो मैलांवर यीस्टच्या नळ्यांतून निघालेले तेच दोन क्रमांक. ही भविष्यवाणी नव्हे. यादीत इतरही अनेक जागा होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच विषाणूने वापरल्याच नाहीत. शिवाय नंतर देशभर हाहाकार माजवला तो डेल्टाने, आणि त्याच्याकडे ४८४चा बदल नव्हताच, ४५२ होता. तरीही पत्रक हातात पडलं तेव्हा या दोन क्रमांकांचा अर्थ लावायला काही तरी होतं, आणि ते यीस्टने दिलं होतं.

भारतातही हे काम होतं. बंगळुरूच्या आयआयएससीत राघवन वरदराजन यांच्या गटाने २०१७मध्ये याच यीस्टवर अँटिबॉडीची जागा शोधायची एक चतुर रीत दाखवली. प्रथिनाच्या पृष्ठभागावर एकेका जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवायचं आणि त्याला रसायनाने एक जाडजूड रेणू चिकटवायचा. जिथे चिकटवल्यावर अँटिबॉडी बसेनाशी होते, ती तिची जागा. नुसतं आम्ल बदलून कधी कधी काहीच फरक पडत नाही, कारण अँटिबॉडी छोटा बदल पचवते. वाटेत अडसरच ठेवला तर तिचा इलाज नसतो.

आणि बाहेरचा शत्रू बाजूला ठेवून स्वतःच्याच शरीराविषयी विचारायचं झालं तर? येल विद्यापीठात आरन रिंग यांच्या गटाने विषाणूऐवजी माणसाचीच प्रथिनं यीस्टवर लटकवली. पेशीच्या बाहेर वावरणारी २,७७० प्रथिनं, प्रत्येकाला बारकोड. २०२१मध्ये त्यांनी करोना झालेल्या १९४ रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त या सगळ्यांसमोर एकदम ठेवलं. कुणाच्या अँटिबॉडी त्याच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारक संदेशवाहकांवर बसलेल्या निघाल्या, कुणाच्या स्वतःच्या ऊतींवर. आधीच्या वर्षी पॅरिस-न्यूयॉर्कच्या एका गटाने वेगळ्या पद्धतीने दाखवलं होतं, की मरणासन्न अवस्थेला पोचलेल्या ९८७ करोना रुग्णांपैकी १०१ जणांच्या अँटिबॉडी त्यांच्याच इंटरफेरॉन या संदेशवाहकाला निकामी करत होत्या, आणि त्या १०१मधले ९५ पुरुष होते. पण त्यांना इंटरफेरॉनचा संशय आधीपासून होता. यीस्टच्या पद्धतीत संशय घ्यावाच लागत नाही. सगळ्यांनाच विचारायचं.

स्वतःवरच उलटणाऱ्या अँटिबॉडी मेंदूपर्यंतही पोचतात, म्हणून इथे पुन्हा मानेसरकडे वळावं लागतं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र तिथलंच. डिसेंबर २००३मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूत काय करतो, यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं आहे. हा ताप ओळखायचा तो मणक्यातल्या पाण्यातल्या आयजीएम अँटिबॉडीवरून, आणि सरकारी कार्यक्रमाला त्याची किट पुरवते ती पुन्हा पुण्याची एनआयव्ही. पण सगळा मेंदूज्वर विषाणूचा नसतो. २००७मध्ये जोसेप डालमाऊ यांनी वर्णन केलेल्या एका प्रकारात रोग्याच्या अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकावर बसतात. धडधाकट तरुणी अचानक असंबद्ध बोलू लागते, झटके येतात. घरचे वैदूकडे नेतात किंवा मनोरुग्णालयात. वेळेत कळलं तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

ही अँटिबॉडी यीस्टवर पकडावी, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे यीस्ट हात टेकतं. हा ग्राहक चार तुकडे मिळून होतो आणि पेशीच्या पडद्यात आरपार बसतो; खुंटीवर एकटं लटकणारं ते प्रकरण नव्हे. त्यासाठी बशीत वाढवलेल्या मानवी पेशींनाच तो ग्राहक अंगावर घ्यायला लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यीस्टची दुसरी खोड म्हणजे ते बाहेर जाणाऱ्या प्रथिनांना स्वतःच्या पद्धतीच्या मॅनोजच्या लांब साखळ्या चढवतं. नेमकी अँटिबॉडीची जागा त्यांच्याखाली झाकली गेली, तर उत्तर चुकतं. आणि लेसरचं यंत्र, बारकोड वाचायचं यंत्र, दोन दिवसांचा अवधी हे काही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारं नाही. तिथे पट्टीच हवी. मानेसरचे कारखाने बंद करून यीस्ट वाढवा, असं कुणी म्हणत नाही.

यीस्टचं दुसरं टोक मात्र केव्हाच आपल्या दंडात पोचलं आहे. हेपटायटिस बीची लस १९८६पासून यीस्टने बनवलेल्या प्रथिनाची असते. जन्मल्याबरोबर बाळाला टोचतात ती हीच. १६ मार्च २०२२पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना जी कॉर्बेव्हॅक्स दिली, तिच्यातला काट्याचा तुकडा पिकिया या दुसऱ्या एका यीस्टने तयार केलेला. तो साधारण तोच भाग, ज्याची ३,८०४ रूपं सिएटलमध्ये लटकवली होती. म्हणजे एका यीस्टने बनवलेल्या तुकड्याविरुद्ध सातवी-आठवीतल्या मुलांच्या रक्तात ज्या अँटिबॉडी तयार झाल्या, त्या नेमक्या कुठे बसतात हे दुसऱ्या यीस्टला विचारता येतं, आणि विचारण्याआधी कोरं यीस्ट दोनदा फिरवावं लागतं ते त्या मुलांनी खाल्लेल्या पावामुळेही.